सगळ्या सर्किटना सारखा गॅस: व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावण्याआधीची कामं

अर्ध्या कॉइलवर बर्फ, अर्धी कोरडी. गेजवर दाब ठीक, सुपरहीटही (कॉइलमधून निघणारी वाफ उकळण्याच्या तापमानाहून किती अंश गरम आहे तो आकडा) ठीक, आणि खोली मात्र थंड व्हायचं नाव घेत नाही. ठाणे-नवी मुंबईत या दुखण्यावर दोनच औषधं चालतात: ‘गॅस कमी आहे शेठ, भरून टाकतो,’ किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्हचा (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू दोन आटे इकडे, दोन आटे तिकडे. गॅस म्हणजे इथे रेफ्रिजरंट, मग तो लिक्विड असो वा वाफ. दुखणं गॅसच्या वाटपाचं असेल तर यातल्या कशानेही ते जात नाही. जादा भरलेला गॅस कॉम्प्रेसरकडे लिक्विड पाठवू शकतो आणि फिरवलेला स्क्रू पुढच्या माणसाचं निदान बिघडवतो.

हा लेख एकापेक्षा जास्त सर्किटं (गॅसच्या स्वतंत्र वाटा) असलेल्या, डिस्ट्रिब्युटरवरून (एका पाइपमधला गॅस अनेक बारीक नळ्यांत वाटणाऱ्या तुकड्यावरून) गॅस घेणाऱ्या फिन-ट्यूब कॉइलपुरता आहे. म्हणजे डक्टेबल युनिटं, एएचयूच्या (हवा फिरवणाऱ्या मोठ्या युनिटांच्या) डीएक्स कॉइल (ज्यांत थेट गॅसच उकळतो), तुर्भे-वाशीच्या बाजारातल्या कोल्ड रूमचे कूलर, महापे-रबाळ्याच्या सर्व्हर रूममधली प्रिसिजन युनिटं. घरच्या स्प्लिट एसीसाठी एवढा खटाटोप लागत नाही.

बिघाड कसा घडतो, थोडक्यात

व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो तो नुसता लिक्विड नसतो. दाब पडताच त्याचा काही भाग वाफ होतो. आर-२२ वर चालणाऱ्या एसीत, ४० अंशांचा लिक्विड ५ अंशांवर उतरला तर वजनाने साधारण पाचवा हिस्सा वाफ असते. कोल्ड रूमच्या आर-४०४ए मध्ये हे प्रमाण बरंच वाढतं. वजनाचा हिशेब सोडून जागेचा केला, तर नळीतली ९० टक्क्यांहून जास्त जागा वाफेची असते. लिक्विड जड, तो खाली बसतो किंवा बेंडच्या बाहेरच्या कडेला लागतो. तसाच तो आठ नळ्यांत सोडला तर दोन नळ्यांना लिक्विड मिळतो आणि सहांना वाफ. सोसायटीच्या टाकीचं पाणी तळमजल्याला धो धो आणि वरच्या मजल्याला थेंब थेंब येतं, तसलाच प्रकार.

हे टाळायला दोन गोष्टी असतात. डिस्ट्रिब्युटरच्या तोंडाशी बसलेला नॉझल लिक्विड आणि वाफ जोराने घुसळून एकजीव करतो. पुढच्या बारीक नळ्या आपल्या दाबाच्या घटीने वाटप समान ठेवतात. घुसळणं नॉझलचं काम, समतोल नळ्यांचं. एकाचं काम दुसरा करत नाही. निदान करताना हा फरक सतत लागतो.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. आठ सर्किटांच्या कॉइलमध्ये दोन सर्किटं लिक्विडने भरून वाहतात आणि सहा उपाशी आहेत, असं समजा. उकळण्याचं तापमान ५ अंश. भरलेल्या दोन सर्किटांच्या बाहेरच्या टोकाला ५ अंश, उपाशी सहांच्या टोकाला १५ ते १८. हेडरमध्ये, म्हणजे सगळी सर्किटं जिथे एकत्र येतात त्या पाइपमध्ये, हे सगळं मिसळतं, उरलेला लिक्विड तिथे उकळतो आणि बल्बला (पुढच्या पाइपवर बांधलेल्या, व्हॉल्व्हला तापमान कळवणाऱ्या तुकड्याला) दिसतात ११ अंश. सुपरहीट ६, कागदावर एकदम छान! व्हॉल्व्ह त्यावर समाधानी राहतो, आणि कॉइलचा पाऊण भाग अर्ध्या कामावर. म्हणून हेडरनंतरचं एकच रीडिंग घेऊन वाटपाबद्दल काहीही ठरवता येत नाही.

टप्पा १: सामान आणि माहिती हाताशी घ्या

लागतं ते असं: निदान चार प्रोबचा थर्मोकपल मीटर, नळीला प्रोब बांधायची टेप आणि वर गुंडाळायला इन्सुलेशनचे तुकडे, विश्वासाचे गेज, हवेचा वेग मोजायचा अॅनिमोमीटर, छोटा आरसा, बॅटरी, मार्कर. दुरुस्तीपर्यंत गोष्ट गेली तर रेग्युलेटरसकट नायट्रोजन, व्हॅक्युम पंप, मायक्रॉन गेज (व्हॅक्युम मोजायला), रिकव्हरी मशीन (गॅस परत काढून घ्यायला) आणि सिलिंडर.

इन्फ्रारेड गन ठेवायची तर खिशातच ठेवा. चकचकीत तांब्यावर तिचं रीडिंग भलतंच येतं, कारण ती नळीचं कमी आणि भोवतालचं जास्त वाचते. नाइलाज असेल तर नळीवर काळी टेप गुंडाळून त्या टेपवर नेम धरा.

माहिती मिळवायची ती: गॅस कोणता, कॉइल किती टनाची, सर्किटं किती, डिस्ट्रिब्युटरवर आणि नॉझलवर कोरलेला नंबर, व्हॉल्व्हचं मॉडेल. शिवाय एक प्रश्न मालकाला जरूर विचारा: ‘याआधी गॅस बदललाय का?’ आर-२२ चं युनिट कधीतरी आर-४०७सी किंवा आर-४०४ए वर नेलेलं असतं आणि नॉझल मात्र जुनाच असतो. असं निघालं तर निम्मं निदान तिथेच झालं.

> इशारा: पॅनल उघडण्याआधी आयसोलेटर (युनिटचा मुख्य वीज स्विच) बंद करा आणि पावसाळ्यात ड्रेन पॅनभोवतीचं पाणी आधी पुसून घ्या. युनिट आर-३२ चं असेल तर गॅस पेट घेणारा आहे, हे लक्षात ठेवून हवा खेळती ठेवा आणि ज्योत दूर.

टप्पा २: सर्किटांना नंबर द्या

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही, आणि मग पुढचं सगळं अंदाजाने चालतं. डिस्ट्रिब्युटरमधून निघणारी एक नळी धरा, ती कॉइलमध्ये कुठे शिरते ते बघा, यू-बेंड मोजत मोजत ती हेडरला कुठे मिळते तिथपर्यंत जा. दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. मग पुढची नळी.

वरची नळी वरच्याच सर्किटला जाते, असं धरून चालू नका. फॅक्टरीत नळ्या एकमेकींवरून ओढलेल्या असतात, आणि कॉइल मध्ये कधी बदलली असेल तर विचारायलाच नको. काही कॉइलमध्ये सर्किटं एकमेकांत गुंफलेली असतात, काहींमध्ये वरचा अर्धा आणि खालचा अर्धा वेगळा असतो. तुमची कॉइल कोणत्या जातीची ते याच टप्प्यावर कळतं. हवेचा दोष वाचताना ते लागणार आहे.

टप्पा ३: प्रत्येक सर्किटचं रीडिंग घ्या

फिल्टर स्वच्छ, पंखा पूर्ण वेगावर, कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर. इन्व्हर्टर किंवा अनलोडर (कॉम्प्रेसरची क्षमता कमी करणारी सोय) असेल तर तो पूर्ण क्षमतेवर बांधून ठेवा. अर्धा तास चालू द्या. डिफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवायची फेरी) नुकताच संपला असेल तर आणखी थांबा.

मग प्रत्येक सर्किटच्या बाहेरच्या टोकाला, हेडरच्या थोडं आधी, प्रोब बांधा. अगदी हेडरला चिकटून नको, तिथे शेजारच्या सर्किटची थंडी येते. प्रोबवर इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर वाऱ्याचं तापमान वाचाल. दाब बल्बजवळच्या पोर्टवर घ्या. कॉम्प्रेसरपाशी घेतला तर लांब सक्शन लाइनमधली (कॉइलपासून कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या पाइपमधली) घट त्यात मिसळते आणि सुपरहीट प्रत्यक्षाहून जास्त दिसतं.

आर-४०७सी असेल तर चार्टमधला वाफेचा, म्हणजे ड्यू पॉइंटचा, स्तंभ वापरा. या गॅसचं तापमान उकळता उकळता पाच-सहा अंशांनी चढतं. लिक्विडचा स्तंभ वापरलात तर सुपरहीट तेवढंच फुगतं आणि चांगली कॉइल उपाशी वाटते.

दहा मिनिटांच्या अंतराने रीडिंगच्या दोन फेऱ्या घ्या. आकडे तेच राहिले तर वाटपाचा दोष. आकडे मिनिटामिनिटाला वरखाली होत असतील तर व्हॉल्व्ह हंटिंग करतोय, म्हणजे सतत जास्त उघडतोय आणि जास्त मिटतोय. तो आजार वेगळा: व्हॉल्व्ह मोठा आहे, बल्ब सैल आहे किंवा लोड फार कमी आहे. तो आधी सोडवा, मग इथे या.

आकडे कसे वाचायचे:

- सगळीच सर्किटं सारखीच गरम: वाटप ठीक, एकूण गॅस कमी पोचतोय. हा लेख बाजूला ठेवा. चार्ज (भरलेला एकूण गॅस), ड्रायर (लिक्विडच्या पाइपवरचा ओलावा आणि घाण धरणारा फिल्टर) आणि व्हॉल्व्हची ताकद बघा.
- एकच सर्किट गरम, बाकी सारखी: त्या एकाच नळीत चोक, चेप किंवा ब्रेझिंगचं (ज्योतीने केलेल्या जोडाचं) वितळलेलं मटेरियल.
- एका बाजूची सगळी थंड, दुसऱ्या बाजूची सगळी गरम: आधी हवा, मग डिस्ट्रिब्युटरचा कल.
- काही थंड, काही गरम, कसलीच रांग नाही: नॉझल. चुकीचा, सैल, घाण अडकलेला किंवा गायब.

सगळ्यांत थंड आणि सगळ्यांत गरम सर्किटात तीन अंशांपर्यंत फरक असेल तर मी कॉइलला हात लावत नाही. पाचच्या पुढे गेला तर कारण शोधल्याशिवाय सोडत नाही.

टप्पा ४: आधी हवा

गॅस सारखा वाटला जात असेल, पण हवा एका बाजूलाच जास्त असेल, तर रीडिंग हुबेहूब गॅसच्या दोषासारखं येतं. जास्त हवा मिळालेलं सर्किट आपला लिक्विड लवकर संपवून गरम होतं, कमी हवेचं भरून वाहतं. हवा तपासायला पाइप उघडावा लागत नाही, गॅस काढावा लागत नाही, म्हणून पहिला नंबर तिचा.

कॉइलच्या तोंडाचे मनातल्या मनात नऊ किंवा बारा चौकोन करा आणि प्रत्येकाच्या मध्ये अॅनिमोमीटर धरा. एसीच्या कॉइलवर सरासरी सेकंदाला २ ते २.५ मीटर वेग असतो. एखादा चौकोन सरासरीच्या २० टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेला तर टप्पा ५ कडे जायचं नाही.

नेहमीची कारणं: फिल्टर चौकटीत नीट बसलेला नाही आणि हवा फटीतून निसटते, ब्लोअरचा पट्टा सैल, रिटर्न डक्ट कॉइलच्या तोंडाशीच वळवलेला, फिनमध्ये कपड्याचा भुसा, फिन दाबून सपाट झालेल्या. खाडीकाठच्या युनिटांत खारी हवा फिन पोखरते आणि त्या हात लावताच पिठासारख्या गळतात. ऐरोली-रबाळ्याकडे हे सर्रास दिसतं. अशी कॉइल कंगव्याने सरळ करायला जाऊ नका, उरलेल्या फिनही हातात येतील.

बाजारातल्या कोल्ड रूममध्ये बहुतेक वेळा गुन्हेगार एकच, तो म्हणजे माल. हंगामात पेट्या छतापर्यंत रचतात आणि कूलरच्या मागची, हवा खेचायची जागाच बुजते. हापूसची खोली १२-१३ अंशांवर ठेवायची असते, त्याहून फार थंड केली तर आंबा बिघडतो. उपाशी कॉइलमुळे खोली १७ वर अडकली, की शेठ थर्मोस्टॅट ८ वर आणून ठेवतो. मग पेट्या हलवल्या, की एका रात्रीत खोली ८ वर! आधी पेट्या हलवून घ्या, थर्मोस्टॅट जागेवर आणा, अर्धा तास थांबा, पुन्हा रीडिंग.

> तपासणी: हवा सारखी केल्यावर टप्पा ३ पूर्ण पुन्हा करा. रीडिंग जुळलं तर काम संपलं, पाना पिशवीत.

टप्पा ५: व्हॉल्व्हपर्यंत निखळ लिक्विड पोचतोय का

व्हॉल्व्हच्या आधीच वाफ झाली असेल तर पुढे डिस्ट्रिब्युटर कितीही चांगला असो, वाटप हलणार. साइट ग्लास (लिक्विडच्या पाइपवरची काचेची खिडकी) स्वच्छ हवी आणि व्हॉल्व्हमध्ये शिरताना पाच-सहा अंश तरी सबकूलिंग हवं, म्हणजे लिक्विड त्या दाबाच्या उकळण्याच्या तापमानाहून तेवढा थंड हवा. ते कंडेन्सरपाशी मोजून भागत नाही, व्हॉल्व्हपाशीच मोजा.

इथल्या इमारतींत एक सापळा आहे. कंडेन्सर पोडियमवर आणि कॉइल पाच-सहा मजले वर. लिक्विड वर चढताना स्वतःच्या वजनाने दाब गमावतो. आर-२२ मध्ये दर मीटरला साधारण ०.११ ते ०.१२ बार. २० मीटर चढावर सव्वादोन बारच्या आसपास गेला, आणि कंडेन्सिंग ४५ अंशांवर असेल तर एवढ्यासाठीच सहा अंश सबकूलिंग खर्ची पडलं. पाइपची घट आणि ड्रायर वेगळेच. खाली ‘सबकूलिंग सहा, एकदम ओके’ लिहिलेलं असतं आणि वर साइट ग्लासमध्ये फेस. तिथे दोष डिस्ट्रिब्युटरचा नाही.

ड्रायरच्या दोन्ही टोकांना हात लावून बघा, मग प्रोबने मोजा. बाहेरचं टोक जाणवण्याइतकं थंड असेल तर ड्रायर तुंबलाय. तो बदला, आणि तुंबला कशाने याचा विचार करा. तांब्याचा काळा पापुद्रा निघाला तर तोच नॉझलपर्यंतही गेलेला असणार.

टप्पा ६: व्हॉल्व्ह, बल्ब, इक्वलायझर आणि डिस्ट्रिब्युटर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट इक्वलायझर. डिस्ट्रिब्युटर असेल तिथे एक्सपान्शन व्हॉल्व्ह बाहेरून इक्वलाइझ केलेलाच, म्हणजे कॉइलच्या बाहेरच्या टोकाचा दाब वेगळ्या बारीक नळीने घेणाराच, लागतो. आर-२२ किंवा आर-४०४ए च्या कॉइलमध्ये नॉझलमध्ये सुमारे २५ पीएसआय आणि नळ्यांमध्ये सुमारे १० पीएसआय घट धरून आखणी केलेली असते. आर-४१०ए मध्ये नॉझलची घट याहून जास्त, आर-१३४ए मध्ये कमी. आता आतून इक्वलाइझ होणारा व्हॉल्व्ह लावला, तर त्याला कॉइलमधला दाब दिसत नाही. त्याला ३५ पीएसआयने चढलेला दाब दिसतो, आणि तो बंद होत जातो. बाजारात हातात आला तो व्हॉल्व्ह बसवला, किंवा इक्वलायझरची नळी गळत होती म्हणून तिच्या तोंडावर फ्लेअर नट आणि टोपी घालून ‘बंद’ केली, अशी युनिटं जागोजाग आहेत. टोपी दिसली तर बाकी तपास थांबवा, आधी ती नळी जोडा. ती सक्शन लाइनवर बल्बच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूला जोडायची.

दुसरी गोष्ट बल्ब. आडव्या, सरळ सक्शन पाइपवर, हेडरपासून मिश्रण नीट होईल इतक्या अंतरावर. हेडरच्या तोंडाशीच बांधला तर जवळच्या एका सर्किटची धार त्याला लागते आणि तेच सर्किट सगळ्या कॉइलचं भवितव्य ठरवतं. सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि त्याहून मोठ्या पाइपवर घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी, लहान पाइपवर वरच्या बाजूला. तळाशी कधीच नाही, तिथे तेल वाहतं. पट्टी धातूची, घट्ट, वरून इन्सुलेशन. प्लॅस्टिकच्या टायने बांधलेला बल्ब म्हणजे बांधलेला नाहीच.

तिसरी गोष्ट डिस्ट्रिब्युटरची जागा. तो व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडालाच हवा, किंवा मध्ये छोटा सरळ तुकडा. मध्ये एल्बो असेल तर लिक्विड बाहेरच्या कडेला फेकला जातो आणि त्या बाजूच्या नळ्यांना जास्त मिळतो. जागा नाही म्हणून एल्बो टाकलाय, हे उत्तर मिस्त्री नेहमी देतात. जागा काढा, व्हॉल्व्ह सरकवा. डिस्ट्रिब्युटर उभा असावा, तोंड वर किंवा खाली, दोन्ही चालतं. आडवा असेल तर नॉझल योग्य मापाचा असताना निभतं, पण लोड कमी झाला की बिघडतं. वाकडा, म्हणजे पंचेचाळीस अंशांत लटकलेला, मुळीच नको.

चौथी गोष्ट नॉझल. गॅस काढल्यावरच हे बघता येतं, म्हणून शेवटी. अनेक डिस्ट्रिब्युटरमध्ये नॉझल तोंडाशी बसतो आणि एक स्प्रिंगची रिंग त्याला धरून ठेवते. काढण्याआधी कोणती बाजू बाहेर होती याचा फोटो काढा. मग तपासा: भोक गोल आहे का, काठ झिजलाय का, काळा पापुद्रा किंवा ड्रायरची पूड अडकलीये का, आणि नॉझल मुळात आहे का! ‘गॅस जात नव्हता म्हणून काढला’ असं सांगणारे भेटतात. नॉझलशिवाय घुसळणं नाही, आणि घुसळण्याशिवाय नळ्या कितीही नेमक्या असल्या तरी उपयोग नाही.

नॉझलचं माप टनेज, गॅस आणि उकळण्याचं तापमान बघून बनवणाऱ्याच्या तक्त्यातून निवडायचं. भोक ड्रिलने मोठं करायचं नाही. आर-४०४ए ची दर किलोमागे उष्णता उचलायची ताकद आर-२२ पेक्षा कमी, म्हणून तेवढ्याच टनाला जास्त किलो गॅस फिरवावा लागतो आणि आर-२२ चा नॉझल त्याला अपुरा पडतो. उलट मोठा नॉझल पूर्ण लोडवर कदाचित खपून जातो, पण लोड निम्मा झाला की दाबाची घट चौथाईवर येते आणि घुसळणं संपतं. नेमणुकीच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या लोडवर नॉझल काम निभावतो असं साधारण धरतात. इन्व्हर्टर युनिट त्याहून खाली उतरत असेल तर नॉझल लहानाकडे झुकवून निवडा.

कोल्ड रूममध्ये हॉट गॅस डिफ्रॉस्ट असेल तर आणखी एक बघा: गरम गॅस नॉझलच्या आधी सोडलेला आहे का. तसा असेल तर नॉझलच त्याला अडवतो, डिफ्रॉस्ट अर्धवट होतो आणि काही सर्किटांवर बर्फ राहून हवा अडते. त्यासाठी बाजूला वेगळं तोंड असलेला डिस्ट्रिब्युटर मिळतो.

टप्पा ७: नळ्या

लांबी सगळ्यांची सारखी हवी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लांबीपेक्षा चेप जास्त घातक. दाबाची घट लांबीच्या प्रमाणात वाढते, व्यास कमी झाला तर मात्र ढोबळ मानाने पाचव्या घाताने. नळी दहा टक्के लांब झाली तर त्या सर्किटचा गॅस पाच टक्क्यांच्या आसपास कमी होतो. आतला व्यास सगळ्या लांबीत दहा टक्के कमी झाला तर घट सत्तर टक्क्यांनी वाढते. एका जागी बसलेली चेप एवढी महाग पडत नाही, पण अर्धी दाबलेली नळी ते सर्किट संपवते.

म्हणून बॅटरी घेऊन प्रत्येक नळी तोंडापासून टोकापर्यंत बघा, बोट फिरवा. पॅनलच्या कडेला घासलेली, हेल्परने हात ठेवताना मोडलेली, स्प्रिंग न घालता वाकवलेली. युनिट चालू असताना चोकच्या जागेपुढे नळी अचानक जास्त थंड होते, कधी तिथूनच दव किंवा बर्फ सुरू होतो. मापही तपासा: सात नळ्या दीड सुती आणि गळतीनंतर बदललेली आठवी दोन सुती, असं झालं की त्या आठव्या सर्किटला पूर येतो आणि बाकी सात उपाशी.

नळ्या जादा लांब असतील तर कापून लहान करू नका, गोल वळसा घालून बांधा. कापायच्याच असतील तर सगळ्या एकसारख्या.

आता आपल्याकडची खास प्रथा. सर्किट गळतं, तर दोन्ही टोकं दाबून, ब्रेझ करून ते बंद करायचं आणि युनिट चालू. नाल्यांजवळच्या इमारतींत सांडपाण्याच्या वायूंनी तांबं काळं पडून बारीक छिद्रं पडतात, त्यामुळे अशी कॉइल सारखीच समोर येते. आठातलं एक सर्किट हंगाम काढायला बंद केलं तर मी ओरडणार नाही, मात्र डिस्ट्रिब्युटरकडचं आणि हेडरकडचं अशी दोन्ही टोकं बंद हवीत. दोन सर्किटं बंद म्हणजे चौथाई कॉइल नुसती हवा पुढे ढकलते. खोली २४ वर येईलही, पण जुलैतली दमट हवा त्या मेलेल्या भागातून तशीच खोलीत जाते आणि कपाटं, फाइली ओल धरतात. सर्व्हर रूममध्ये हा खेळ नको. तिथे कॉइलच बदला.

टप्पा ८: बदलायचं ठरलं तर क्रम

१. गॅस सिलिंडरमध्ये रिकव्हर करा. हवेत सोडू नका.

२. जुन्या नळ्यांचे नंबर आणि जागा फोटोत घ्या.

३. नवीन नळ्या कटरने कापा. करवतीचा भुगा नळीत राहतो आणि पहिल्याच तासात नॉझल गाठतो. काठ आतून साफ करा, नळी उलटी धरून टिचकी मारा.

४. नळी डिस्ट्रिब्युटरच्या भोकात खोबणीपर्यंतच घाला. जोर लावून आत ढकललेली नळी गॅसची वाट अडवते.

५. नायट्रोजन अगदी मंद सोडून मगच ज्योत लावा. नायट्रोजन बाहेर जायला दुसरं टोक उघडं हवं. नायट्रोजन नसेल तर आज ब्रेझिंग नाही. तो काळा पापुद्रा तुम्हीच तयार करता आणि महिन्याने तुम्हीच शोधता.

६. डिस्ट्रिब्युटर पितळेचा असतो, त्याला तांब्याची नळी जोडताना चांदीचा रॉड आणि फ्लक्स लागतो. फ्लक्स नळीच्या बाहेरून, थोडाच, टोक सोडून. व्हॉल्व्हवर ओलं फडकं. ज्योत डिस्ट्रिब्युटरच्या जाड भागावर आधी, नळीवर नंतर. नळी पातळ असते, आधी तीच वितळते आणि मटेरियल आत ओढलं जातं.

७. नॉझल आणि रिंग शेवटी, थंड झाल्यावर. रिंग बसल्याचा टक आवाज ऐकू आला पाहिजे.

> इशारा: दाब चाचणी फक्त नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, आणि नेमप्लेटवर लो साइडसाठी लिहिलेल्या दाबाच्या आतच. ऑक्सिजनचं सिलिंडर आत तेल असलेल्या पाइपला जोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

नवा ड्रायर लावा. व्हॅक्युम ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बघा. आकडा थोडा चढून थांबला तर ठीक. चढतच राहिला तर ओलावा किंवा गळती. पावसाळ्यात एकदा व्हॅक्युम पुरत नाही. मध्ये कोरडा नायट्रोजन भरून पुन्हा ओढा, आणि पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर आधी ते बदला. सिस्टिम उघडी ठेवून जेवायला जाऊ नका.

टप्पा ९: आता स्क्रू

गॅस वजनाने भरा. आर-४०७सी आणि आर-४०४ए सारखे मिश्र गॅस सिलिंडरमधून लिक्विड म्हणूनच काढायचे, वाफ काढली तर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. लिक्विड सक्शनला सोडायचा तर थोडा थोडा, गेजचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडून.

अर्धा तास चालवून टप्पा ३ पुन्हा. सर्किटांतला फरक तीन अंशांत आला का? आला नसेल तर स्क्रूची टोपी उघडायची नाही, मागे जायचं. आला असेल तरच सुपरहीट बघा: एसीच्या कॉइलला साधारण ५ ते ७ अंश, मध्यम तापमानाच्या कोल्ड रूमला ३ ते ५. पाव ते अर्धा आटा फिरवा, मग पंधरा-वीस मिनिटं हात खिशात. घाईने पुन्हा फिरवलेला आटा आधीच्या आट्याचा परिणाम दिसूच देत नाही.

एक फेरी कमी लोडवर घ्या. पहाटे किंवा खोली थंड झाल्यावर, कॉम्प्रेसर निम्म्यावर असताना. पूर्ण लोडवर जुळलेल्या सर्किटांत इथे पुन्हा फरक पडला तर नॉझल मोठा आहे.

शेवटचे आकडे कागदावर उतरवा: तारीख, गॅस, नॉझलचा नंबर, सक्शन दाब, प्रत्येक सर्किटचं तापमान, कॉइलवर येणाऱ्या हवेचं तापमान, स्क्रू मूळ जागेपासून किती फिरवला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवा, ड्रेनच्या बाजूला नको, तिथे तो दिवाळीपर्यंतही टिकत नाही.